बोळे घाला, बोळे काढा

शिरूरच्या स्टँडवर मला ‘बोळेवाली’ म्हणतात आणि दौंडच्या बाजारात ‘पत्रकवाली’. पिशवी एकच आहे. तिच्या एका कप्प्यात गोंगाटाविरुद्धची आमची पत्रकं असतात आणि दुसऱ्यात कानात घालायचे बोळे. त्यांना इअरप्लग म्हणतात हे मला माहीत आहे, पण आमच्याकडचा मेडिकलवालासुद्धा ‘कानातलं ते’ म्हणतो, म्हणून मी बोळे हाच शब्द धरून ठेवलाय. त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात जो गुंता केला, तो या अंकाच्या वाचकांपुढं ठेवते. सुटलेला नाही. सुटलेले गुंते सांगणारी माणसं या अंकात इतर पानांवर भेटतीलच.

मी एका छोट्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. गाव केंदूर. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडील कांदा आणि झेंडू करतात, आणि मी पत्रकं लिहिते. पत्रक लिहायची एक रीत असते. पहिली ओळ थोबाडीत बसली पाहिजे. माझी पहिली ओळ होती : ‘कानातले बोळे काढा.’ ही ओळ कचेऱ्यांसाठी होती. मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लागतात, लहान लेकरं दचकून उठतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात, आणि ज्यांनी हे थांबवायचं ते कानात बोळे घालून बसलेत. मग दुसरं काय लिहायचं?

पण कचेरी ऐकेपर्यंत लोकांनी काय करायचं, हाही प्रश्न होताच. म्हणून त्याच कागदाच्या मागच्या बाजूला छापलं : ‘बोळे असे घाला.’ पुढची बाजू साहेबांसाठी, मागची माणसांसाठी. मला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही, हीच तर अडचण आहे.

आधी धंद्याचं सांगते. लोकांना वाटतं, बोळा म्हणजे बोळा, कोंबला की झालं. तसं नाही. स्पंजाचा बोळा असतो, तो आधी स्वच्छ हातानं दोन बोटांत वळायचा, देवापुढची वात वळतात तसा, बारीक आणि बिनसुरकुतीचा. मग पलीकडचा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागं ओढायचा. शाळेत मास्तर ज्या दिशेनं ओढायचे, तीच. त्यानं आतली वाट सरळ होते. बोळा सरकवायचा आणि तो आत फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. तो बसला की नाही, हे बघायला दोन्ही तळहात कानांवर दाबायचे. बाहेरचा आवाज होता तसाच राहिला तर बोळा बसलाय. आणखी कमी झाला तर नाही, काढा आणि पुन्हा वळा. नीट बसला की स्वतःचं बोलणं रांजणात बोलल्यासारखं येतं. पुष्कळ जण तिथंच घाबरतात आणि काढून टाकतात.

दुसरा रबरासारखा, एकावर एक छत्र्या असलेला. तो वळावा लागत नाही, त्यामुळं ज्यांचे हात तेलाचे त्यांना बरा. तिसरा मेणासारखा मऊ गोळा, तो आत जात नाही, कानाच्या तोंडावर चिकटून बसतो. पाकिटावर आवाज किती अडतो त्याचा आकडा असतो. लोक सगळ्यांत मोठा आकडा मागतात, जसं दुकानात सगळ्यांत तिखट मिरची मागावी. मी देत नाही. फार अडवणाऱ्या बोळ्यात माणसाला हाक ऐकू येत नाही, तो बिचकतो, बोळा खिशात जातो. खिशातल्या बोळ्यानं फक्त खिशाला कमी ऐकू येतं. आणि दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला मधल्या मापाचा बसला म्हणून उजव्याला बसेल असं नाही. कान वाहत असेल तर बोळाच नाही, आधी डॉक्टर.

शिरूरकडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनींवरच्या कामगारांना हे शिकवायला मला बोलावलं होतं. मी जाऊन पहिल्यांदा मॅनेजरला सांगितलं, आधी मशीन गप्प करा, तिच्याभोवती पेटी करा, ढिले नट आवळा, कान शेवटी. तो म्हणाला, “मॅडम, आज कानाचं सेशन आहे.” मी कानाचं सेशन घेतलं. एक जण बोळे घरी नेताना दिसला. मी हटकलं तर म्हणाला, “ताई, हितं मशीन बोलतंय, घरी बायको.” सगळे हसले. मी म्हटलं, तिला एक जोड जास्त न्या, तुमचं घोरणं तिनं कुणाला सांगायचं? तेव्हा कामगारांतल्या बायका जास्त हसल्या. शिरूरच्या स्टँडवरचं माझं नाव त्या बायकांनी ठेवलेलं आहे आणि मला ते आवडतं.

पण सांगायचं आहे ते दौंडचं.

दौंडच्या बाजारात मी पत्रकं वाटत होते. एक बाई पत्रक न वाचताच उलटं करून मागची बाजू वाचायला लागल्या. म्हणाल्या, “हे देता का नुसतं लिहिता?”

त्या शालन मामी. त्यांचे यजमान दत्तू मामा मालगाडी चालवतात. कागदावर लोको पायलट, दौंडात ड्रायव्हर. मालगाडीच्या ड्रायव्हरला ठरलेली वेळ नसते. फोन येतो तेव्हा डबा भरायचा आणि निघायचं. रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस दिवसा झोपतो, आणि त्याची ही दिवसाची झोप म्हणजे फक्त त्याची नसते, रुळावरच्या सगळ्यांची असते. मामांचं घर रेल्वे कॉलनीत नाही, गावाच्या कडेला आहे. भिंतीला भिंत लागून पत्र्याचं गोडाऊन. त्यात डीजे. दुपार झाली की टेस्टिंग.

मी घरी गेले. मामा खाटेवर बसले होते, डोळे लाल. मी मिरवणुकीतला त्रास, लोकांचं आरोग्य, प्रशासनाची उदासीनता असं सुरू केलं. त्यांनी हातानं थांबवलं.

“ताई, मला भाषान नको. परवाच्याला एक सिग्नल हिरवा दिसला. पण दिसला ह्ये मला फुडच्या सिग्नलला कळलं. मधलं काय झालं ते ठावं न्हाई.”

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

मी पिशवीतून अर्ज काढला. आम्हाला प्रत्येक ठिकाणी एकच विचारतात : त्रास नेमका कुणाला होतो, तो माणूस आणा. असा माणूस मिळत नाही. वर्गणी दिलेली असते, सोयरीक असते, भीती असते. आणि इथं माझ्यापुढं असा माणूस बसला होता की त्याच्या झोपेवर कुणी हसू शकलं नसतं. मी म्हटलं, मामा, इथं सही करा, उद्या मी स्वतः नेऊन देते.

“कुनाच्या विरुद्ध?”

“गोडाऊनवाल्याच्या.”

“गोडाऊनवाला माझा भाचा हाय,” मामा म्हणाले. “विकी. माझी भन गेली तवा तिच्या उशाला बसून शब्द दिलाय मी, पोराला उघड्यावर टाकनार न्हाई म्हनून. आता त्याच्या पोटावर सही करू व्हय?”

“मग त्याला सांगा आवाज कमी कर म्हणून.”

“सांगितलं की. म्हनतो, मामा, बेस वाजल्याशिवाय कळत न्हाई कुठल्या डब्यातला स्पीकर फाटलाय. धंदाच हाय त्यो. तुमी बोळे द्या.”

मी बोळे दिले. चिडून दिले, पण देताना काम नीट केलं. स्पंजाचा बोळा त्यांना टोचायला लागला. रबराच्या बोळ्याचा दांडा उशीवर दाबला जायचा. इथं मी एक गोष्ट शिकले, ती पाकिटावर लिहिलेली नसते : झोपणाऱ्या माणसाला कान विचारायचा नाही, कूस विचारायची. मामा उजव्या कुशीवर झोपतात. त्यांना लहान मापाचा, मऊ स्पंजाचा, कानाबाहेर न डोकावणारा बोळा लागत होता. तो दिला. मामी म्हणाल्या, हरवतील म्हणून दोरीचे द्या. तसेही असतात, दोन्ही बोळे एका बारीक दोरीला जोडलेले. तेच दिले.

मामा झोपले. इतके झोपले की मामी घाबरल्या. कारण उशाला फोन वाजला आणि मामांना ऐकू आला नाही. त्या दिवशी मामी घरात होत्या म्हणून कॉल चुकला नाही. ड्यूटीचा कॉल चुकणं म्हणजे काय, हे रेल्वेतल्या घरात सांगावं लागत नाही.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा बघते तर काय, बोळ्यांच्या दोरीला परकराची नाडी बांधलेली, आणि नाडीचं टोक खिडकीतून स्वयंपाकघरात. मामी कौतुकानं म्हणाल्या, “फोन आला की ओढते. बोळं निघत्यात, ह्ये उठत्यात.”

मी जवळजवळ ओरडलेच. घट्ट बसलेला बोळा झटक्यानं ओढला तर आत हवेची ओढ बसते, पडदा दुखावतो. बोळा नेहमी पिळत पिळत, हळू काढायचा. हे मागच्या बाजूला शेवटच्या ओळीत छापलेलं आहे, पण शेवटच्या ओळी कोण वाचतं.

मामी म्हणाल्या, “म्हंजी माझा आजाच शाना व्हता. रानात मेंढरांचा वाडा बसवला की त्यो पायाच्या अंगठ्याला बकरीची दोरी बांधून निजायचा. बकरी हालली की त्यो जागा. कानाची भानगडच न्हाई.”

मेंढपाळांच्या घरातली मी, आणि मला हे सुचलं नाही. नाडी कानावरून सुटली आणि मामांच्या अंगठ्याला बांधली गेली. मामा म्हणाले, “आता कुनी बकरी म्हनलं तरी चालंल, झोप लागतीय.” अंगठ्याला नाडी, कानात बोळे, तोंडावर टॉवेल. फोन वाजला की मामी पोळपाटावरचं लाटणं ठेवायच्या आणि नाडीला हिसका द्यायच्या. महिनाभरात मामांचे डोळे निवळले. मला आनंद झाला. खरंच झाला.

आणि मग मी पुन्हा अर्ज काढला.

“आता कशाला?” मामा म्हणाले. “आता मला तरास न्हाई.”

बघा आता. कानाला इतका बरोबर बसलेला बोळा मी त्याआधी कुणाला दिला नव्हता. आणि माझा सगळ्यांत चांगला तक्रारदार त्याच बोळ्यानं नेला. शेजारच्या दोन घरांतल्या बायकाही मामींकडं बघून बोळे मागायला आल्या. मी दिले. त्यांच्याही अर्जांची आशा गेली. मी मामांना म्हटलं, अहो, तुमचं भागलं, पण त्या गल्लीतल्या तान्ह्या लेकरांच्या कानात कोण घालणार बोळे?

मामांनी उशाखालून माझं पत्रक काढलं. घडी घालून ठेवलं होतं. पुढची बाजू दाखवली, उलटं करून मागची दाखवली.

“ताई, तुमीच ठरवा एकदा. हितं म्हंता बोळे काढा, तितं म्हंता बोळे घाला. अडानी मानसानं काय करावं?”

मामा अडाणी नाहीत, सिग्नलची पुस्तकं पाठ आहेत त्यांना. ते टोमणा मारत होते. मी समजावलं की पहिला बोळा वाक्प्रचारातला आहे आणि दुसरा स्पंजाचा. ते म्हणाले, “बसतात मात्र दोनी सारखेच.” मी एसटीत बसून शिरूरपर्यंत या वाक्याला उत्तर शोधत होते. पत्रकात अशी वाक्यं आपण दुसऱ्यांना ऐकवायची असतात.

यानंतर जे झालं त्यानं माझ्या डोक्याचा भुगा झाला. विकी मला बाजारात भेटायला आला. पंचविशीचा, कानात बाळी, माझ्याच वयाच्या आसपासचा. मला वाटलं भांडायला आला. चांगला कान माझ्याकडं यावा म्हणून तो माझ्या उजव्या बाजूनं डाव्या बाजूला सरकून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, मामाला दिलंय तसलं मला पायजे. ह्या कानात शिट्टी वाजती. बंद पडत न्हाई.”

मला आधी सूड घेतल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. या पोराच्या विरुद्ध मी महिनाभर अर्ज घेऊन फिरत होते आणि सगळ्यांत जास्त मार त्याचाच कान खात होता. मी त्याला दवाखान्यात जायला सांगितलं. गेलेला आवाज बोळ्यानं परत येत नाही, उरलेला वाचतो, हेही सांगितलं. आणि गाण्यावर काम करणाऱ्यांसाठी वेगळे बोळे येतात ते दिले. त्यातून सूर कळतो, फक्त सगळंच हळू येतं. लोक म्हणतील, डीजेवाल्याला बोळे देणारी ही कसली कार्यकर्ती? म्हणोत. कान हा कान आहे.

पुढचा फोन मामींचा. “ताई, तुमी विकीला काय दिलं? फळीवरची भांडी पडाय लागल्यात.”

मी गेले. दुपारची वेळ. गल्लीच्या तोंडाशीच बेस छातीत धडधडायला लागला. बोळा कान अडवतो, छाती अडवत नाही, हे मी कुठल्याच बाजूला छापलेलं नव्हतं. आणि मला गल्लीत उभ्या उभ्या कळलं काय झालंय ते. विकी आवाज कानानं लावतो. कानात बोळे असल्यामुळं त्याला तो कमी वाटतो. कमी वाटतो म्हणून तो वाढवतो. माझा बोळा त्याच्या कानाला बसला होता आणि अख्ख्या गल्लीच्या उरावर बसला होता.

गोडाऊनचं शटर अर्धं वर. विकी मिक्सरपुढं, माझ्याकडं पाठ करून. तेवढ्यात शेजारच्या घरातून मामा बाहेर आले, मागोमाग मामी. बनियन, लुंगी, अंगठ्याला बांधलेली नाडी मागून फरफटत येतेय, टोकाला मामींनी बांधलेला चमचासुद्धा. दोरी हातातून निसटू नये म्हणून बांधला होता म्हणे. मामा सरळ आत गेले आणि विकीच्या पाठीमागं उभं राहून ओरडायला लागले. विकीला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं सहज वळून बघितलं तर मामा. तोही काहीतरी बोलायला लागला. मामांना ऐकू येत नव्हतं. दोघांच्या कानात माझेच बोळे. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघून ओरडतायत, मामा मिक्सरकडं बोट दाखवतायत, विकीला वाटतंय मामा वाढव म्हणतायत, कारण त्यानं खरंच एक बटण आणखी वर सरकवलं.

मी ओरडले, “बोळे काढा.” माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग मी पिशवीत हात घातला, पत्रक काढलं आणि पुढची बाजू विकीच्या डोळ्यांपुढं धरली. मोठ्या काळ्या अक्षरांत, पहिली ओळ. कानातले बोळे काढा. साहेबांसाठी लिहिलेली. जिथं जिथं दिली तिथं कुणीही एका बोळ्यालासुद्धा हात लावला नव्हता.

विकीनं वाचलं. त्यानं दोन्ही कानांतले बोळे काढले. मी शिकवलं होतं तसे, पिळत, हळू.

त्याचं तोंड मी विसरणार नाही. तो मागं सरकला, खुर्चीला अडखळला, दोन्ही हात कानांवर गेले. मग एक हात सोडून त्यानं बटण खाली ओढलं. आवाज गेला. गल्लीत कुठंतरी एक लेकरू रडत होतं, ते आता ऐकू आलं. आधीपासून रडत असणार.

“मामा,” विकी म्हणाला, “रोज एवढा आसतोय व्हय?”

मामांच्या कानात बोळे तसेच होते. त्यांनी विकीकडं बघितलं, बेस बंद झाल्याचं छातीला कळलं असावं, मान डोलावली आणि वळून झोपायला गेले. चमचा उंबऱ्यावरून खडखडत गेला. विकी त्या चमच्याकडं बघत राहिला. “ह्ये काय हाय?” त्यानं मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, “तुझ्यामुळं हाय.” एवढंच.

मामांना त्या संध्याकाळी कॉल आला. मामींनी नाडी ओढली. ते झोप पुरी करून गेले.

आता विकी टेस्टिंगच्या आधी मामींना फोन करतो. मामा घरी असतील तर डबे टेम्पोत घालून गावाबाहेर माळावर नेतो. आवाज लावताना बोळे काढतो, लावून झाल्यावर घालतो. हा नियम त्याचा त्यानंच काढला, माझ्या कुठल्याच बाजूला तो नव्हता. मिरवणुकीत मात्र डीजेची भिंत तेवढीच लागते. मी विचारलं तर म्हणतो, “ताई, गिऱ्हाईक तेवढा मागतंय. मी कमी केला तर दुसरा हाय.” मग मी गिऱ्हाइकांकडं जाते, म्हणजे मंडळांकडं. ते म्हणतात, पब्लिक मागतं. पब्लिककडं जाते. पब्लिक म्हणतं, ताई, बोळे आहेत का?

अर्जावर मामांची सही अजून नाही. मी मागणंही सोडलेलं नाही. मागच्या खेपेला ते म्हणाले, “सही करतो, पर कुनाच्या विरुद्ध ते तुमी लिवून आना.” मी कोरा अर्ज घेऊन बसले. विकी लिहू? त्याची शिट्टी अजून वाजते. मंडळ लिहू? मंडळात मामांच्याच गल्लीतली पोरं आहेत. माझं नाव लिहू? शेवटी तसाच घडी घालून ठेवला.

आणि पत्रकं संपलीत. परवा छापखान्यातून फोन आला, मजकूर तोच ठेवायचा का. मी म्हटलं तोच ठेवा. छापणारा म्हणाला, “तोच ठेवतो, पण यातली पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, तेवढं सांगा. मागच्या वेळी लोक दोन्हीकडून वाचत होते.”

मी म्हटलं, थांबा, बघून सांगते. पत्रक समोरच आहे. दोनदा उलटून बघितलंय.